लहान मुलासाठी सॅडल घेताय? आधी मांडी मोजा

मुलाचं वय सांगून सॅडलचा, म्हणजे घोड्याच्या खोगिराचा, साईझ विचारणारे आईबाप खूप असतात. "आठ वर्षांची आहे, कुठलं बसेल?" याला खरं तर उत्तरच नाहीये, कारण आठ वर्षांची दोन मुलं शेजारी बसवली तर एकाची मांडी दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब निघू शकते. सॅडलला वय कळत नाही, उंची अर्धवट कळते, वजन थोडंफार. साईझ ठरतो तो मांडीच्या लांबीवर, म्हणजे मूल बसल्यावर ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत किती अंतर भरतं त्यावर, आणि मग थोडाफार ढुंगणाच्या रुंदीवर. उंच मुलाचे पाय लांब असतीलच असंही नाही, काहींची उंची सगळी धडातच असते.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण भांडण इथेच होतं. मूल वाढणार म्हणून शाळेचे बूट एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा, हे बुटात चालून जातं, सॅडलमध्ये कापूस कोंबायला जागाच नाही. मोठ्या सॅडलमध्ये मूल मागे मागे घसरत जातं, पाय पुढे जातात, खुर्चीत बसल्यासारखं पोश्चर होतं, आणि घोडा दुडकी चालायला लागला की ते पोर प्रत्येक पावलाला मागे आपटतं. तोल जायला लागला की हातात जे आहे ते पकडतं आणि हातात असतो लगाम, म्हणजे मुलाचं सगळं वजन घोड्याच्या तोंडावर. घोडा वैतागतो, मूल घाबरतं, आणि सगळे म्हणतात याला रायडिंग जमत नाहीये. बिचाऱ्याचा काही दोष नसतो. अर्धा इंच मोठं चालतं, एक इंच म्हणजे अगदी शेवटची मर्यादा, त्यापुढे "वाढेल की" हा हिशोब सोडून द्या.

लहान सॅडलचा त्रास वेगळा असतो. मूल मागच्या उंचवट्यावर, म्हणजे कँटलवर जाऊन बसतं, पुढचा उंचवटा, म्हणजे पॉमेल, टोचतो, गुडघे फ्लॅपच्या, म्हणजे बाजूच्या चामड्याच्या पदराच्या, पुढे बाहेर येतात. पण यात मुलापेक्षा घोड्याचं जास्त नुकसान होतं, कारण सगळं वजन सॅडलच्या मागच्या टोकावर पडतं आणि ते टोक घोड्याच्या कंबरेत रुततं. मूल काही बोलत नाही कारण लहान सॅडलमध्ये घट्ट बसल्यासारखं वाटतं, उलट काही मुलांना तेच सेफ वाटतं. त्यामुळे मुलाला "बरं वाटतंय का" एवढंच विचारून भागत नाही, बाजूला उभं राहून बघावं लागतं.

आता मोजायचं कसं. मुलाला कडक सीटच्या खुर्चीवर किंवा बाकावर बसवा, सोफा नको, सोफ्यात पोर आत रुततं आणि माप चुकतं. बाक भिंतीला लावून ठेवला तर उत्तम, पाठ आणि ढुंगण दोन्ही भिंतीला टेकवून बसवायचं, पाय जमिनीवर सपाट, गुडघे काटकोनात. पाय जमिनीला पोचत नसतील तर खाली पुस्तकांचा गठ्ठा ठेवा, लोंबकळणारे पाय असले की मांडी खाली कलते. मग भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या टोकापर्यंत टेप सरळ धरा, मांडीवरून वळवू नका. मुलं दोन सेकंदसुद्धा गप्प बसत नाहीत, प्रत्येक वेळी पुढे सरकतात, म्हणून दोनदा मोजा आणि कमी आलेलं माप धरा, जास्त आलेलं माप म्हणजे टेपच्या सुरुवातीला ढुंगण भिंतीपासून सुटलेलं होतं असं समजा. रायडिंगची पँट घालूनच मोजा, जाड जीन्स नको.

इंग्लिश सॅडलचा, म्हणजे पुढे धरायची मूठ नसलेल्या सॅडलचा, साधारण हिशोब असा धरतात: मांडी साडेसोळा इंचांपर्यंत भरली तर १५ इंची सीट, साडेसोळा ते साडेअठरा असेल तर १६, साडेअठरा ते वीस असेल तर साडेसोळा, वीस ते साडेएकवीस असेल तर १७. १७ म्हणजे मोठ्या माणसांचा नेहमीचा साईझ झाला, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची लांब पायांची मुलगी थेट तिथे पोचली तर दचकू नका. अगदी छोटी मुलं, जी लीडवरच फिरतात, म्हणजे कोणीतरी दोरी धरून चालवतं अशी, त्यांच्यासाठी १२, १३, १४ इंची सीट असतात. हे सगळे आकडे सुरुवात करायला आहेत. ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या खेळाचं, सॅडल खोल सीटचं असतं म्हणून त्यात बऱ्याचदा अर्धा इंच जास्त लागतो, आणि जंपिंगच्या सॅडलमध्ये रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, वर घेतल्या की गुडघा पुढे येतो म्हणून तिथे सीटपेक्षा फ्लॅप किती पुढे कापलाय ते बघायचं असतं. शिकणाऱ्या मुलाला यातलं काहीच नको, साधं जनरल पर्पज सॅडल पुरतं.

सॅडलवर लिहिलेला आकडा कुठून कुठे मोजलेला असतो हे माहीत असू द्या, कारण जुन्या सॅडलवर तो पुसून गेलेला असतो आणि विकणारा सांगेल ते ऐकावं लागतं. इंग्लिश सॅडलमध्ये पुढे पॉमेलच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी खिळ्याच्या डोक्यासारखी बटणं असतात, त्यातल्या एका बटणापासून तिरपा टेप लावायचा तो मागे कँटलच्या मध्यापर्यंत. वेस्टर्न सॅडलमध्ये पुढे हॉर्न, म्हणजे धरायची मूठ, असतो, तिथे हॉर्नच्या मागे जिथे सीट सुरू होते त्या शिवणीपासून मागे कँटलच्या वरच्या शिवणीच्या मध्यापर्यंत. मोजायच्या जागाच वेगळ्या, त्यामुळे आकडेही वेगळे, वेस्टर्नचा आकडा इंग्लिशपेक्षा साधारण दोन इंचांनी कमी येतो. ज्या मुलाला इंग्लिशमध्ये १५ इंची लागतं त्याला वेस्टर्नमध्ये १३ च्या आसपास. वेस्टर्नमध्ये १० ते १२ म्हणजे छोटी पोरं, १२-१३ मधली मुलं, १४ म्हणजे बारीक मोठी माणसं आणि वाढती मुलं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावून ऑनलाइन ऑर्डर करणारे लोक आहेत, आणि मग दोन इंच मोठं सॅडल घरी येतं.

आणि एकच आकडा लिहिलेली दोन सॅडल सारखी बसतीलच असं नाही. खोल सीट असेल आणि कँटल उंच असेल तर १६ लिहिलेलं सॅडल आतून साडेपंधरासारखं लागतं, सपाट सीट असेल तर तेच मोकळं वाटतं. म्हणून आकडा बघून शॉर्टलिस्ट करा आणि निर्णय बसवून घ्या.

बसवताना शक्यतो ज्या घोड्यावर मूल बसणार आहे त्याच्यावरच बसवा. दुकानातल्या लाकडी स्टँडवर सगळीच सॅडल छान बसतात. मुलाला आधी रिकिबीत पाय न घालता बसू द्या, पाय मोकळे सोडायला सांगा, दोनदा खांदे उडवून सैल करायला सांगा, मग सीटच्या सगळ्यात खोल भागात ते आपोआप येतं. तिथे आल्यावर मागे बघा: मुलाचं ढुंगण संपतं तिथून कँटलच्या टोकापर्यंत तुमच्या हाताची चार बोटं आडवी मावली पाहिजेत. मोठ्या माणसाची चार बोटं, मुलाची नाही. अगदी लहान सॅडलमध्ये तीन बोटं मावली तरी ठीक आहे. आख्खा पंजा आणि वर अजून जागा असेल तर मोठं, दोन बोटंही जेमतेम जात असतील तर लहान. वेस्टर्नमध्ये पुढून बघायचं असतं, मूल मागे नीट टेकून बसलं की मांडी आणि सॅडलच्या पुढच्या फुगवट्यामध्ये दोन ते चार बोटं जागा राहिली पाहिजे.

मग बाजूला सहा-सात पावलं मागे जा आणि नुसतं बघा. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत येतात का? घोडा जादूने गायब झाला तर पोर जमिनीवर पायांवर उभं राहील की मागे पडेल, असा प्रश्न स्वतःला विचारा, सगळे ट्रेनर हेच बघत असतात. टाच पुढे गेलेली दिसली तर मुलाला ओरडून पाय मागे घ्यायला लावू नका, आधी सॅडल तपासा. सीटचा सगळ्यात खोल भाग मध्यावर आहे की मागे सरकलाय, रिकीब जिथे अडकते तो लोखंडी बार फार पुढे बसवलाय का. हे जिथे चुकलेलं असतं तिथे मुलाने कितीही प्रयत्न केला तरी पाय पुन्हा पुढेच जातात.

फ्लॅपकडे कोणी बघतच नाही आणि लहान मुलांच्या बाबतीत अर्धा घोळ तिथेच असतो. फ्लॅप म्हणजे पायाखाली येणारा तो मोठा चामड्याचा पदर. सीट १५-१६ इंची पण फ्लॅप मोठ्या माणसाच्या लांबीचा असलेली सॅडल बाजारात भरपूर फिरतात, त्यावर मूल बसलं की पोटरीपर्यंतचा सगळा पाय फ्लॅपवरच संपतो, घोड्याच्या अंगाला पाय लागतच नाही. मग ते मूल टाचा मारून मारून थकतं आणि घोडा त्याचं काही ऐकत नाही, कारण त्याला काही कळतच नाहीये. पोटरीचा बराचसा भाग फ्लॅपच्या खाली घोड्याला लागायला हवा, गुडघा फ्लॅपच्या आत राहायला हवा. उलट्या बाजूनेही एक अडचण असते, फ्लॅपचा खालचा काठ बरोबर बुटाच्या वरच्या काठाशी येत असेल तर चालता चालता दोन्ही एकमेकांत अडकतात, पाय हलवला की खटकन अडकतो, फार चिडचिड होते त्याने. काठ बुटाच्या तोंडाच्या बराच खाली तरी हवा किंवा वर तरी. उंच बारीक मुलगा असेल तर त्याला मोठी सीट देऊ नका, सीट तीच ठेवून लांब आणि थोडा पुढे कापलेला फ्लॅप शोधा. आणि गोलमटोल पण आखूड पायांचं मूल असेल तर उलटं, सीट अर्धा इंच मोठी, फ्लॅप छोटा.

अजून एक भाग आहे जो फोटोत दिसत नाही. सीटचा पुढचा अरुंद भाग, जो मुलाच्या मांड्यांच्या मध्ये येतो, त्याला ट्विस्ट म्हणतात. मुलांची कंबर अरुंद असते आणि पोनी, म्हणजे बुटक्या जातीचे घोडे, मात्र पिंपासारखे गोल, त्यात ट्विस्टही रुंद असला तर मांड्या फाकतात, गुडघे सुटतात, पावलं बाहेर वळतात आणि थोड्या वेळाने मूल कंबरेच्या सांध्याशी दुखतंय म्हणायला लागतं. अशा वेळी साईझ बरोबर असूनही सॅडल चुकीचंच. खाली उतरल्यावर मूल फेंगडं चालतंय का बघा, जवळपास तेवढ्यावरच कळतं.

रिकिबींचं आता. लांबीचा सोपा अंदाज म्हणजे मुलाने उभं राहून बोटांची टोकं रिकिबीच्या बारला लावायची आणि दुसऱ्या हाताने रिकीब ताणून काखेत धरायची, पोचली की लांबी ठीक. वर बसल्यावर पाय मोकळे सोडले तर रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी आला पाहिजे. इथे अडचण अशी येते की मोठ्यांचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत आखडले तरी लहान पोराला लांबच पडतात. मग लोक पट्ट्याला वेढा देऊन आखूड करतात, ते एखाद्या वेळेपुरतं चालेल, पण मुलांचे आखूड पट्टे वेगळे मिळतात तेच घ्या. आणि रिकीब पोचत नाही म्हणून मुलाचे पाय रिकिबीच्या वरच्या पट्ट्यात अडकवायचे, हे जिथे दिसेल तिथे थांबवा. पोर पडलं तर पाय सुटणार नाही आणि घोडा ओढत नेईल, यात चर्चेला काही नाही. वेस्टर्नमध्ये पट्ट्याऐवजी रुंद चामड्याचे फेंडर असतात आणि ते फार आखडता येत नाहीत, म्हणून १३ इंची वेस्टर्न सॅडल घेताना सीटच्या आधी फेंडर सगळ्यात वर किती जातात ते बघा.

रिकिबीची रुंदी बुटाच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा साधारण एक इंच जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना करंगळीएवढी जागा. कमी असेल तर पाय अडकतो, जास्त असेल तर लहान पाऊल आरपार निघून जातं, आणि दुसरं जास्त धोक्याचं. मुलांसाठी सेफ्टी रिकिबी घ्या, एका बाजूला लोखंडाऐवजी जाड रबर बँड असतो ना त्या, पडताना रबर सुटतं आणि पाय मोकळा होतो. रबराची बाजू बाहेरच्या अंगाला, घोड्याच्या अंगाला नाही, कितीतरी जण उलट्या लावून फिरत असतात. ज्या बारला पट्टा अडकवतात त्याच्या टोकाला एक छोटी पट्टी वर उचलता येते, रायडिंग करताना ती उघडीच, म्हणजे खाली सपाट, ठेवायची. बूट टाच असलेला हवा, स्पोर्ट्स शू नको, पाय पुढे सरकून आत जातो. हेल्मेट घोडेस्वारीचंच, सायकलचं नाही, हे वेगळं सांगायला लागू नये पण लागतं.

आता घोडा. खरं तर आधी यायला हवा होता कारण मुलाला कितीही छान बसणारं सॅडल घोड्याला लागत असेल तर ते सॅडल बादच. मूल थोडं मोठं सॅडल एखादा महिना चालवून घेईल, घोडा पाठीवर दुखत असताना चालवून घेणार नाही आणि घेऊही नये. सॅडल घोड्याच्या खवाट्याच्या मागे बसायला हवं म्हणजे पुढचा पाय मोकळा हलतो. आयाळ संपते तिथला जो उंचवटा आहे, विदर्स, त्याच्या आणि सॅडलच्या मध्ये मूल वर बसलेलं असताना दोन-तीन बोटं जागा हवी. खालून बघितलं तर मधोमध कण्यावर पुढून मागेपर्यंत आरपार उजेड दिसला पाहिजे, कण्यावर काहीही टेकायला नको. आणि सॅडलचा वजन घेणारा भाग शेवटच्या बरगडीच्या मागे जायला नको: घोड्याच्या पोटावर हात फिरवून शेवटची बरगडी शोधा आणि तिच्या रेषेत वर कण्यापर्यंत या, त्या रेषेच्या अलीकडेच सॅडल संपलं पाहिजे. छोट्या पोनीची पाठ आखूड असते, त्यावर मोठ्यांचं १७ इंची टाकलं की ते हमखास या रेषेच्या मागे जातं, मुलाला "पुढे वाढेल" म्हणून मोठं सॅडल न घेण्याचं हे दुसरं कारण.

इथे एक फसगत फार होते ती सांगतो. वेस्टर्नमध्ये यूथ सॅडल आणि पोनी सॅडल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूथ म्हणजे सीट मुलाची, पण खालचा सांगाडा मोठ्या घोड्याच्या पाठीचा. पोनी म्हणजे सांगाडासुद्धा पोनीच्या पाठीचा. दोन्हीवर १२ किंवा १३ लिहिलेलं असतं आणि फोटोत सारखीच दिसतात. छोट्या मुलाला मोठ्या घोड्यावर बसवणार असाल तर पोनी सॅडल त्या घोड्याला चिमटणार, आणि पोनीवर यूथ सॅडल टाकलं तर ते डुगडुगणार आणि खाली विदर्सवर बसणार. घेताना विचारा, खालचा सांगाडा कुणाचा आहे. इंग्लिशमध्येही हाच प्रश्न गलेटच्या, म्हणजे सॅडलच्या पुढच्या कमानीच्या, रुंदीचा असतो. विंटेकसारख्या सिंथेटिक सॅडलमध्ये गलेट बदलता येते, नॅरो, मीडियम, वाइड अशी, मुलाचा घोडा वर्षभरात बदलू शकतो म्हणून हे सोयीचं पडतं. पण गलेट बदलून फक्त पुढची रुंदी बदलते, पाठीचा बाक सपाट आहे की वळलेला ते नाही बदलत, त्यामुळे ती सगळ्याला औषध नव्हे.

गोल पोनीला विदर्स जवळपास नसतातच, मग सॅडल मानेकडे सरकतं नाहीतर बाजूला फिरतं. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, अजून अजून आवळत बसण्यापेक्षा दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, लावा, त्यासाठी सॅडलला मागे डी रिंग आहे का ते घेतानाच बघा. तंग पोनीच्या मापाचा असावा, मोठ्या घोड्याचा तंग शेवटच्या भोकात अडकवून सैलच राहतो आणि त्यातून सॅडल फिरतं. दोन्ही बाजूंना वर एक-दोन भोकं शिल्लक राहिली पाहिजेत आणि बकल मुलाच्या गुडघ्याखाली किंवा मांडीखाली टोचेल अशा उंचीवर नको.

मूल क्लासला जातं आणि दर वेळी वेगळ्या घोड्यावर बसतं? मग माझं सरळ मत आहे, सॅडल घेऊच नका. तुमचं एक सॅडल पाच घोड्यांना बसणार नाही आणि क्लासवाल्यांनी ते प्रत्येकावर टाकूही नये. त्यापेक्षा मुलाच्या मापाच्या सेफ्टी रिकिबी आणि आखूड पट्टे घ्या, ते कुठल्याही इंग्लिश सॅडलला लागतात, आणि हेल्मेट बूट चांगले घ्या. सॅडलचा विचार मूल एका ठरलेल्या घोड्यावर नियमित बसायला लागलं की मग.

तोवर क्लासचं सॅडल मोठं पडत असेल तर मेंढीच्या लोकरीचा सीट कव्हर मिळतो, तो जाड असतो आणि सीट थोडी भरून काढतो, घसरणंही कमी होतं. पुढे पॉमेलच्या दोन डी रिंगांना बांधायचा छोटा पट्टा मिळतो, मूल घाबरलं की लगामाऐवजी तो धरतं, हा मात्र प्रत्येक शिकाऊ मुलाच्या सॅडलला हवाच. घोड्याच्या पाठीवर जाड पॅडवर पॅड टाकून न बसणारं सॅडल बसवायचा उद्योग नको, अरुंद सॅडलखाली जाड पॅड म्हणजे ते अजूनच घट्ट. आणि सॅडलशिवाय वापरतात ते कापडी पॅड, ज्याला सांगाडा नसतो, त्याला रिकिबी लावलेल्या दिसल्या तर ते मुलासाठी घेऊ नका. एका रिकिबीवर वजन पडलं की पॅड फिरून घोड्याच्या पोटाखाली जातं. बाकी रंगीत पॅड, मॅचिंग कानटोप्या, चमकीच्या कपाळपट्ट्या ही सगळी खोगीरभरती, पोराला हौस असेल तर घ्या, नाही घेतलं तरी काही अडत नाही.

लेदर की सिंथेटिक यावर मोठी माणसं तासनतास भांडतात, मुलासाठी मी सिंथेटिकच म्हणेन. हलकं असतं, मूल स्वतः उचलून घोड्यावर ठेवू शकतं, ओल्या फडक्याने पुसलं की झालं, आणि तसंही दोन-तीन वर्षांत लहान होणारच आहे. लेदर टिकतं आणि पुन्हा विकताना बरं पडतं, पण तेल-साबण लावणारं कोणीतरी घरात हवं. सीट गुळगुळीत चकाकणारी नसावी, थोडी खरखरीत किंवा स्वेडची असली तर छोट्या मुलाला पकड मिळते. गुडघ्यापुढचे उंचवटे वेल्क्रोचे असले तर मूल वाढेल तसे पुढे सरकवता येतात, त्यातून थोडा जास्त काळ निघतो.

वाढत्या मुलाला जुनं सॅडल घेण्यात काहीच गैर नाही, उलट शहाणपणाचं आहे, फक्त उलटसुलट करून बघा. सांगाडा मोडलाय का हे बघायला पॉमेल स्वतःच्या पोटाशी टेकवा आणि कँटल दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. किंचित स्प्रिंगसारखं लवचिक लागलं तर चालेल, पण सीटच्या चामड्याला मध्ये घडी पडली किंवा करकर आवाज आला तर तिथेच ठेवून या. मग सांगाड्याचे पुढचे दोन्ही पाय, पॉमेलच्या खालचे, हातात धरून आतबाहेर दाबा, तिथे जराही हालचाल नको. तंगाचे पट्टे फ्लॅप उचलून बघा, भोकं लांबट झालीत का, चामड्याला वाकवल्यावर चिरा दिसतात का, आणि हे पट्टे वर ज्या कापडी पट्टीला शिवलेले असतात ती शिवण ओढून बघा, तीच तुटली तर सॅडल मुलासकट खाली. खालच्या गाद्या हाताने चाचपा, गुठळ्या नकोत, दोन्ही बाजू सारख्या हव्यात. सपाट टेबलावर उलटं ठेवून मागून बघितलं की एका अंगाला वाकडं असेल तर दिसतं.

ट्रायलवर मिळालं तर अर्धा तास मुलाला चालू द्या, थोडी दुडकीही होऊ द्या. नंतर सॅडल काढून घोड्याची पाठ बघा, घाम दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला असेल तर ठीक, ओल्या घामाच्या मध्येच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडतोय. पाठीवर बोटं थोडी दाबून फिरवा, घोड्याने पाठ खाली घेतली, कान मागे टाकले किंवा चावायला वळला तर सॅडल परत. मुलाचं बघायचं ते असं, दुडकीत उठताना पायांवर उभं राहून हलकं उठतंय की लगामाला लोंबकळून स्वतःला ओढून घेतंय, बसताना धप्प आवाज येतोय का. ओरडा करून शिकवायला जाऊ नका त्या वेळी, फक्त बघा, व्हिडिओ काढलात तर अजून चांगलं, घरी आल्यावर हळू करून बघता येतो.

एकदा घेतल्यावर दर तीन-चार महिन्यांनी चार बोटांची ती टेस्ट पुन्हा करा, भराभर वाढायच्या वयात तर त्याहूनही लवकर, आणि त्याच वेळी घोड्याचंही बघून घ्या, तो चारा जास्त खाऊन सुटतो किंवा काम वाढलं की उतरतो आणि बसणारं सॅडल बसेनासं होतं. बोटं दोनवर आली, गुडघा फ्लॅपच्या पुढच्या काठावर आला, आणि रिकिबीची भोकं खाली संपत आली, यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या की पुढचा साईझ शोधायला लागा आणि जुनं सॅडल स्वच्छ करून विकायला काढा, शिवण उसवायच्या आत.